मोटारसायकल सुरू होत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"गाडी सुरू होत नाही" असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, बटण दाबल्यावर आवाज कसला येतो? कारण या एका तक्रारीच्या पोटात निदान चार तक्रारी असतात. काहीच आवाज येत नाही. नुसती टकटक होते. इंजिन छान फिरतं, पण पेट घेत नाही. पेट घेतं आणि दोन सेकंदांत मान टाकतं. पहिल्या दोन बहुतेक वेळा विजेच्या असतात, पुढच्या दोन प्लग-पेट्रोलच्या (प्लग म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग). हे न ठरवताच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) खोलून बसणारे पुष्कळ आहेत. मीही त्यातलाच होतो.

पाना हातात घेण्याआधी काय बघायचं?

हँडलच्या उजवीकडचा लाल किल स्विच. गाडी गर्दीत उभी असली किंवा एखादं पोर टाकीवर बसून गेलं असलं की तो हमखास दाबलेला सापडतो. काही गाड्यांत किल स्विच बंद असला तरी सेल्फ (बटणाने इंजिन फिरवणारी मोटर) फिरतो, फक्त करंट, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज, येत नाही. त्यामुळे "सेल्फ तर मारतोय" म्हणून हा स्विच बघायचा सोडू नका.

मग न्यूट्रलचा दिवा, साइड स्टँड आणि क्लच. बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. काहींत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही. स्टँडजवळचा स्विच सदानकदा चिखलात असतो. तो अडकला की स्टँड वर असूनही गाडीला ते खालीच आहे असं वाटतं. पायाने दोन-चारदा वर-खाली करून बघा. क्लच लिव्हरखालचा स्विच तर नखाएवढा असतो. लिव्हर पूर्ण आत घेऊन जरा हलवत सेल्फ मारला आणि गाडी लागली, तर चोर तिथेच आहे.

शेवटी पेट्रोल. काट्यावर विसंबू नका. झाकण उघडा, गाडी हलवा आणि डुचमळल्याचा आवाज ऐका. एक गंमत लक्षात ठेवा. टाकी चॅसीवर खोगिरासारखी बसलेली असते, म्हणजे तिला डावी-उजवी अशी दोन पोटं असतात आणि कॉक (पेट्रोलचा नळ) एकाच बाजूला असतो. पेट्रोल अगदी तळाला गेलं की पलीकडच्या पोटातलं कॉकपर्यंत पोचत नाही. गाडी कॉकच्या बाजूला चांगली कलवली की ते इकडे येतं आणि पुढचा पंप गाठण्यापुरतं काम भागतं.

चावी फिरवली तरी दिवासुद्धा लागत नाही. बॅटरी गेली?

गेली असेलही, पण आधी मेन फ्यूज आणि बॅटरीची टर्मिनलं बघा. फ्यूज बहुधा बॅटरीजवळच, छोट्या प्लास्टिकच्या डबीत असतो. लहान गाड्यांत तो 10 ते 20 अँपिअरचा असतो आणि आकडा फ्यूजवरच लिहिलेला असतो. जळाला असेल तर त्याच आकड्याचा घाला. नवा घातल्या घातल्या पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट झाली आहे. तिसरा फ्यूज घालण्याआधी ती शोधा. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून वेळ मारून नेणारे असतात. त्याने फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळतं.

टर्मिनल बोटाने हलवून बघा. हललं तर सैल आहे. त्यावर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर काढून पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. काढताना आधी वजा, लावताना शेवटी वजा. उलट केलं आणि अधिकवरचा पाना चॅसीला टेकला, तर ठिणगी तर उडतेच, शिवाय पाना तिथेच चिकटतो.

दिवे लागतात, हॉर्नही वाजतो. म्हणजे बॅटरी चांगलीच आहे ना?

नाही. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात. सेल्फच्या मोटरला पहिल्या झटक्याला त्याच्या वीस-तीस पट लागतात. अर्धमेली बॅटरी हॉर्न खुशाल वाजवते आणि सेल्फला पाठ दाखवते.

मल्टिमीटर असेल तर प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. गाडी काही तास बंद असताना नेहमीची 12 व्होल्टची बॅटरी 12.6 ते 12.8 दाखवत असेल तर भरलेली आहे. 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी. 12 च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. पण खरी परीक्षा बटण दाबताना होते: मीटर लावून ठेवा आणि सेल्फ मारा. आकडा 10 च्या आसपास टिकला तर ठीक, 9 च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, मग आधी 12.6 दिसले असले तरी. जुन्या बॅटऱ्या इथेच फसवतात.

मीटर नसेल तर हेडलाइटकडे बघत बटण दाबा. प्रकाश एकदम विझल्यासारखा झाला तर बॅटरी किंवा टर्मिनल. प्रकाश जराही न हलता सगळं शांत राहिलं तर सेल्फपर्यंत वीज मागितलीच जात नाहीये, म्हणजे स्टँड-क्लचचे स्विच, बटण किंवा रिले (सेल्फला वीज जोडणारा स्विच) यांपैकी काहीतरी.

बॅटरी नवी असूनही सेल्फ रडत असेल तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या वजापासून इंजिनाला जाणारी वायर, तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा टोकावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. 0.5 व्होल्टच्या वर आकडा आला तर बॅटरी निर्दोष आहे. अर्थची वायर इंजिनाला जिथे बोल्टने बसते तिथे गंज किंवा रंग आहे.

बटण दाबलं की नुसती टकटक होते.

भरभर टकटकटक होत असेल तर व्होल्टेज कमी पडतंय. रिले आत ओढला जातो, मोटरचा भार येताच व्होल्टेज पडतं, रिले सुटतो, व्होल्टेज सावरतं, रिले पुन्हा ओढला जातो. ही झटापट म्हणजे तो आवाज. बॅटरी चार्ज करा, टर्मिनलं घट्ट करा.

एकच ठसठशीत "टक" आणि पुढे शांतता असेल तर रिलेचे आतले काँटॅक्ट जळलेत, मोटरचे कार्बन ब्रश संपलेत किंवा इंजिनच जाम आहे. इंजिन जाम आहे का ते किकने किंवा वरच्या गिअरमध्ये मागचं चाक फिरवून कळतं. रिलेच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मोटर फिरते का बघण्याची जुनी युक्ती आहे. करायचीच असेल तर गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची दोनदा खात्री करा, कारण तिथे स्टँड-क्लचची सगळी सुरक्षा ओलांडली जाते आणि गिअरमधली गाडी अंगावर उडी घेते. ठिणगीही मोठी पडते, तेव्हा पेट्रोलचा वास येत असेल तर हात लावू नका.

आणखी एक आवाज असतो: मोटर मोकळी घरघरते, इंजिन मात्र हलत नाही. हा सेल्फचा वन-वे क्लच, म्हणजे मोटरचं फिरणं इंजिनापर्यंत पोचवणारा भाग. तो घरच्या घरी होणारा नाही.

सेल्फने लागत नाही, किकने मात्र लागते. हे कसं काय?

कार्ब्युरेटरच्या काही जुन्या गाड्यांत एसी सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) असतो. त्याला लागणारी वीज बॅटरीतून येत नाही, इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून येते. म्हणून बॅटरी मेलेली असली तरी किकने गाडी लागते. डीसी सीडीआयच्या आणि इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांना मात्र ठिणगीसाठीही बॅटरी लागते. तुमची गाडी पहिल्या प्रकारची असेल तर किकने लागली म्हणून बॅटरीला निर्दोष ठरवू नका.

इंजिन फिरतं पण पेट घेत नाही. करंटचा दोष की पेट्रोलचा, कसं ओळखायचं?

प्लगला विचारा. दहा-बारा किक मारा, लगेच प्लग काढा आणि त्याच्या टोकाला नाक लावा. टोक ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पोचतंय, करंटकडे बघा. टोक कोरडं ठणठणीत आणि वासही नसेल तर पेट्रोल वाटेत अडलंय. एवढ्या एका गोष्टीने निम्मा शोध संपतो.

काढण्याआधी प्लगभोवतीची वाळू-माती फुंकून किंवा ब्रशने साफ करा. प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये पडते.

रंगही बोलतो. फिकट तपकिरी म्हणजे सगळं आलबेल. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी: चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. काळा आणि तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलं. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन तापतंय किंवा पेट्रोल कमी पडतंय.

करंट येतोय का ते कसं तपासायचं?

काढलेला प्लग परत कॅपमध्ये (वायरीच्या टोकाच्या टोपीत) घाला. त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवून धरा आणि किक किंवा सेल्फ मारा. दोन टोकांमध्ये निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी-तांबडी, मरगळलेली ठिणगी बाहेरच्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली विझून जाते.

इथे तीन काळज्या घ्या. प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फुंकली जाते आणि ठिणगीने पेटते. वायर हातात न धरता कॅपला रबर किंवा कोरड्या कापडातून धरा. झटका सहसा जीवघेणा नसला तरी हात झटकताना कोपर कुठेतरी आपटतं. आणि प्लग अर्थला न टेकवता सेल्फ मारू नका, त्या उडालेल्या करंटने सीडीआय किंवा ईसीयू (इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर) कायमचा जाऊ शकतो.

ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून बघा. तरी नसेल तर प्लग कॅप. इथे माझी एक दुपार गेली आहे. गाडी सकाळी लागायची नाही, दुपारी लागायची. मी प्लग दोनदा बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, शेवटी इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलायच्या बेतात होतो. सहज कॅप पिळली तर ती वायरवरून आट्यांसारखी फिरून हातात आली. बहुतेक कॅप अशाच, वायरीच्या तोंडात स्क्रू घुसवून बसवलेल्या असतात. आत वायरीच्या तारा हिरव्या पडून भुगा झाल्या होत्या. पक्कडीने अर्धा सेंटिमीटर तुकडा कापला, चकचकीत तांबं दिसलं, कॅप परत पिळून बसवली. दुसऱ्या किकला गाडी लागली. रात्रीच्या दमट हवेत तो भुगा ओला व्हायचा आणि करंट प्लगपर्यंत जायचाच नाही, दुपारी वाळला की जायचा. तेव्हापासून पैसे खर्चून काही बदलण्याआधी मी कॅप पिळून बघतो. वायर लांबीला पुरेशी आहे का, ते मात्र कापण्याआधी बघा.

प्लगचा गॅप किती ठेवायचा आणि तो किती आवळायचा?

गॅप साधारण 0.7 ते 0.9 मिलिमीटर, पण गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजा. इरिडियम प्लगचं टोक बारीक असतं, त्याला तारेचा ब्रश लावू नका.

बसवताना सगळे आटे हाताने फिरवा, पाना शेवटी. हेड अॅल्युमिनियमचं असतं. प्लग तिरका धरून पान्याने रेटला की आटे जातात आणि मग साध्या प्लगपायी हेड उतरवावं लागतं. हाताने पूर्ण बसल्यावर वॉशर असलेला नवा प्लग साधारण अर्धा फेरा आवळायचा. तोच प्लग परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, जेमतेम ताण दिला की पुरे.

पेट्रोल टाकीत आहे, पण प्लग कोरडा आहे. कार्ब्युरेटरची गाडी आहे.

टाकीपासून खाली या. कॉक उघडा आहे ना? रिझर्व्हवर टाकून बघा. कार्ब्युरेटरच्या वाटीखाली एक छोटा ड्रेन स्क्रू असतो. त्याखाली बाटलीचं बूच धरा आणि तो सैल करा. पेट्रोल धारेने आलं आणि येत राहिलं तर टाकी, कॉक, पाइप सगळं मोकळं. थोडं येऊन थांबलं तर अडथळा वरच्या बाजूला. बुचातल्या पेट्रोलकडे नीट बघा: तळाला पाण्याचे थेंब मण्यासारखे वेगळे दिसतात, गंजाचा लालसर गाळही दिसतो. इंजिन गरम असताना हे करू नका.

पेट्रोल सुरुवातीला येतं आणि मग थांबतं, असं असेल तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा बघा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. अशी गाडी काही अंतर बिनतक्रार चालते, मग धापा टाकत बंद पडते. झाकण उघडताच "फुस्स" होतं आणि ती परत लागते. मेकॅनिककडे पोचेपर्यंत ती बरी झालेली असते, त्यामुळे हा आजार महिनोन् महिने सापडत नाही.

काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो. त्याला जाणारी बारीक नळी निघाली किंवा चिरली तर पेट्रोल येत नाही.

वाटीत पेट्रोल आहे, करंट आहे, चोक ओढल्यावरच लागते आणि चोक बंद केला की मरते: हा स्लो जेट (मंद गतीला पेट्रोल सोडणारी बारीक नळी) तुंबल्याचा नमुना. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. साफ करायला स्प्रे आणि दाबाची हवा वापरा, तार किंवा सुई नको. जेट पितळेचा, मऊ. सुईने भोक मोठं झालं की गाडी लागेल, पण पुढे पेट्रोल पीत राहील. जेट उजेडाकडे धरला की गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे.

किक मारून मारून पेट्रोलचा वास सुटलाय. आता?

आता थांबा. सिलिंडर पेट्रोलने भिजलाय, प्लग ओला झालाय, आणखी चोक म्हणजे आणखी चिखल. चोक बंद करा, रेस पूर्ण उघडी धरा आणि तशीच सात-आठ किक किंवा पाच सेकंद सेल्फ मारा. पूर्ण रेसमध्ये हवा भरपूर जाते आणि जादा पेट्रोल बाहेर फेकलं जातं. लागली की रेस लगेच सोडा. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांतही हीच युक्ती चालते, कारण सेल्फ मारताना रेस पूर्ण उघडी दिसली की ईसीयू पेट्रोल बंद करतो. नाही लागली तर प्लग काढून वाळवा आणि पंधरा मिनिटं दुसरं काही करा.

काही न करता वारंवार ओली होत असेल तर फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) गळतेय. अशा वेळी डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर पेट्रोल रात्रभर इंजिनात उतरतंय. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही.

चोक नेमका कधी?

इंजिन थंड असताना. गरम इंजिनाला कधीच नाही. लागल्यावर अर्ध्या-एक मिनिटात बंद. इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो आणि थंड असताना तिची रेसही पिळायची नसते.

गाडी सहा महिने उभी होती. थेट सुरू करू?

नको. आधी जुनं पेट्रोल काढा. पेट्रोलमधला हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे वार्निशसारखा वास असलेलं चिकट द्रव्य उरतं. तेच जेटमध्ये बसतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल धरतं. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमकं जिथून कॉक किंवा पंप ओढतो तिथेच. त्यामुळे "वरून थोडं नवीन टाकू" याचा उपयोग होत नाही.

मग एअर फिल्टरची पेटी उघडा. उंदरांना ती जागा फार आवडते. मी तिथून मूठभर चिंध्या आणि कागदाचे कपटे काढले आहेत. सायलेन्सरचं तोंडही बघा, कुंभारीण माशी तिथे मातीचं घर करते. इंजिन फिरवताना सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर हवेचे धक्के जाणवले पाहिजेत.

बॅटरी बाहेर काढून चार्ज करा. तिच्यावर जेवढे अँपिअर-अवर लिहिलेत त्याच्या दहाव्या हिश्शाचा करंट द्या: 5 ची बॅटरी असेल तर अर्धा अँपिअर. कारच्या चार्जरने तासाभरात भरण्याची घाई केली तर ती आतून उकळते. लिथियम बॅटरी असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर हवा. पुढच्या वेळी गाडी ठेवताना वजा टर्मिनल सोडवा आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा.

इंजेक्शनची गाडी आहे. इथे मी काय बघू शकतो?

वाटतं त्यापेक्षा जास्त. किल स्विच चालू ठेवून चावी फिरवा आणि कान द्या. टाकीतून दोन-तीन सेकंद "झूंऽऽ" असा पंपाचा आवाज येऊन थांबला पाहिजे. तो पंप वाटेत दाब भरत असतो. बऱ्याच गाड्यांत तो 3 बारच्या आसपास असतो. आवाजच नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले, कनेक्टर. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, तेव्हा कायम रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय त्याचं आयुष्य खाते.

गाडी नुकतीच आडवी झाली होती का? पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असतो. गाडी उभी केली तरी काही गाड्यांत तो चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय मोकळा होत नाही. एवढ्यासाठी टेम्पोत गाडी घालून नेलेले लोक मी पाहिलेत.

मीटरवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा बऱ्याच गाड्यांत चावी फिरवताच लागून विझायला हवा. तो लुकलुकत राहिला तर लांब आणि आखूड लुकलुकी मोजून लिहून ठेवा. तो दोषाचा क्रमांक असतो. काही गाड्यांत लांब म्हणजे दहा आणि आखूड म्हणजे एक. चावीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी आणून बघा. बॅटरी कमजोर असली तरी इंजेक्शनच्या गाड्या चित्रविचित्र लक्षणं दाखवतात, म्हणून सेन्सरला दोष देण्याआधी व्होल्टेज मोजा.

सकाळी झटकन लागते, पण गरम झाल्यावर बंद केली की लागत नाही.

हा माझा आवडता प्रश्न, कारण याला ठरलेले दोन-तीन गुन्हेगार असतात आणि ते लपून राहण्यात पटाईत असतात.

पहिला टॅपेट. व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या रॉकरमध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते, लहान गाड्यांत साधारण 0.05 ते 0.10 मिलिमीटर. व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या जागेत रुतत जातो तशी ही फट कमी होते. थंड असताना थोडी उरते. इंजिन तापलं, व्हॉल्व्ह लांबला की ती संपते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं. बारीक टिकटिक ऐकू येते म्हणून टॅपेट आवळून घेणाऱ्यांच्या गाड्यांना हा आजार फार. थोडा आवाज करणारा टॅपेट परवडला, गप्प बसलेला नाही. फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची.

दुसरा पिकअप कॉइल (ठिणगी कधी पाडायची ते कळवणारी) किंवा इग्निशन कॉइल. आतली बारीक तार तुटलेली असते, थंड असताना टोकं टेकलेली राहतात, तापलं की सुटतात. ओळखायची पद्धत एकच: गाडी गरम असताना, बंद पडल्या क्षणी करंट तपासा. अर्ध्या तासाने तपासलात तर सगळं ठीकच दिसणार. म्हणून प्लग पाना सीटखाली ठेवा.

तिसरं टाकीच्या झाकणाचं भोक, जे वर आलंच.

पावसात किंवा धुतल्यावर लागत नाही.

प्लग कॅप काढून आत-बाहेर कोरडी करा, प्लगच्या खोबणीतलं पाणी फुंकून काढा. काही इंजिनांत त्या खोबणीतून पाणी निघून जायला बारीक भोक असतं. ते मातीने बुजलं की प्लग पाण्यात उभा राहतो. एअर फिल्टर भिजला असेल तर तो वाळल्याशिवाय गाडी नीट श्वास घेणार नाही. धुताना दाबाची धार हँडलचे स्विच, कॉइल आणि फिल्टरच्या तोंडावर मारू नका.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. चावीसुद्धा फिरवू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवा. प्लग काढून किकने इंजिन हळू फिरवा आणि पाणी बाहेर काढा. ऑइल दुधाळ झालं असेल तर बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. एका बदलात सगळं पाणी निघत नाही.

धक्का मारून सुरू केली तर चालेल?

बॅटरी सेल्फपुरती कमजोर असेल, पण दिवे लागत असतील, तर चालेल. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की सीटवर वजन टाकत क्लच झटकन सोडा आणि लागताच परत दाबा. पहिल्या गिअरमध्ये मागचं चाक नुसतं घासतं. इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर दम वाया जाईल, पंप चालायलाच वीज नाही. बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरलाही धक्क्याचा उपयोग नाही. आणि करंटच नाही हे माहीत असताना ढकलत राहू नका: न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचतं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाची) वाट लावतं.

कारच्या बॅटरीवरून लावता येईल?

येईल, दोन्ही 12 व्होल्टच्या असतील तर. कारचं इंजिन बंदच ठेवा. आधी अधिकला अधिक जोडा, मग कारच्या वजापासून निघालेली वायर मोटारसायकलच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. ठिणगी पडली तरी ती बॅटरीच्या वायूपासून लांब पडते. सुरू झाली की उलट क्रमाने काढा.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी लागत नाही.

मग कॉम्प्रेशन. किक नेहमीपेक्षा हलकी लागते का? प्लग काढा, भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. प्लगची वायर या वेळी अर्थला टेकवलेली असू द्या. अंगठा जोराने उडाला पाहिजे. अंगठा सहज टिकला तर दोष आत आहे. कॉम्प्रेशन गेज असेल तर एक आकडा घ्या, मग भोकातून चमचाभर ऑइल टाकून दुसरा घ्या. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. मात्र घाबरण्याआधी टॅपेटची फट बघा, कधी कधी तेवढंच असतं.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली असते.

इंजिन लावून रेस थोडी वाढवा आणि बॅटरीवर मीटर धरा. 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. त्याहून कमी म्हणजे मॅग्नेट कॉइल किंवा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) चार्ज करत नाही. 15 च्या वर म्हणजे रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी शिजतेय. चार्जिंग ठीक असेल तर नंतर बसवलेल्या वस्तू एकेक सोडवून बघा. अलार्म, मोबाइल चार्जर, जादा दिवे यांची वायर थेट बॅटरीला जोडलेली असते आणि चावी बंद केली तरी ती वीज पीत राहते.

सेल्फ एका वेळी किती वेळ मारावा?

पाच सेकंद. मग निदान तेवढीच, शक्यतो दुप्पट विश्रांती. मोटर त्याहून जास्त सोसत नाही, बॅटरीही नाही.

काहीच जमलं नाही. गॅरेजमध्ये काय सांगू?

"सुरू होत नाही" एवढंच सांगू नका. सेल्फचा आवाज कसा आहे, प्लग ओला होता की कोरडा, करंट दिसला का, थंड असताना की गरम असताना, पाऊस, धुणं, पडणं यांपैकी काही झालं होतं का, शेवटचं पेट्रोल कधी भरलं, हे सांगा. काढलेला जुना प्लग न पुसता खिशात घालून न्या. आणि मधल्या काळात तुम्ही काय काय सोडवलंत, फिरवलंत तेही सांगून टाका. विशेषतः कार्ब्युरेटरच्या बाजूचा तो छोटा पितळी स्क्रू, जो सगळेच फिरवतात आणि कुणीच कबूल करत नाही.